ती गोष्ट त्यांनी मला आधी का सांगितली नाही?

लालबागच्या एका भगिनीने चार पानी पत्र पाठवले आहे. त्यांचे यजमान तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले असून १९९९ मध्ये ते कारगिलच्या लढाईत होते. गेल्या दीड वर्षापासून ते शाळा-महाविद्यालयांत आणि सभांतून युद्धाच्या विरोधात बोलतात. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर कोणी त्यांना देशद्रोही म्हटले, दरवर्षी त्यांच्या हातून होणारे झेंडावंदन यंदा दुसऱ्याकडे गेले, आणि मुलाला सांगून आलेले एक स्थळ ‘वडील सैन्याच्या विरोधात आहेत’ या कारणाने परत गेले. पेन्शन बंद होईल, अशी मुलाला धास्ती आहे. ‘ताई, यांना गप्प कसे करू?’ असा बाईंचा प्रश्न आहे.

प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. सोसायटी, स्थळ आणि पेन्शन या तिन्ही गोष्टी तुम्ही सविस्तर लिहिल्या आहेत, पण माझे मन अडकले ते तिसऱ्या पानावरच्या मजकुरात. दादरच्या सभेला तुम्ही मागच्या रांगेत बसला होता. निरीक्षण पथकात वायरलेस घेऊन आपण पायदळाबरोबर वर चढलो होतो, आणि शिखर हाती आल्यावर शत्रूच्या मृत सैनिकांसाठी खड्डे खणणाऱ्यांत आपणही होतो, असे त्यांनी तिथे सांगितले. त्यांपैकी एकाच्या हातात लोकरीचा घरी विणलेला हातमोजा होता आणि त्याचे एक बोट उसवल्यावर वेगळ्या रंगाच्या लोकरीने पुन्हा विणलेले होते. ते ऐकताना तुम्हाला त्या वर्षीची दिवाळी आठवली. तुम्ही विणलेला स्वेटर त्यांनी अंगाला न लावता ट्रंकेत ठेवला होता आणि ‘माझ्यासाठी पुन्हा लोकर आणू नकोस’ एवढेच म्हटले होते. त्याचे कारण तुम्हाला पंचवीस वर्षांनी, दोनशे अनोळखी माणसांबरोबर कळले.

माझ्या मते तुमचे खरे दुःख हे आहे आणि ते रास्त आहे. तान्हे मूल कडेवर घेऊन साताऱ्याच्या गावातल्या एसटीडी बूथवर ताटकळणारी बाई त्या युद्धात होतीच, आणि तिला सोडून ही गोष्ट आधी परक्यांना कळावी, याचा राग येणारच. मात्र तो राग ‘गप्प बसा’ या शब्दांत बाहेर पडू नये, कारण ते पंचवीस वर्षे गप्पच होते आणि त्याची किंमत तुम्ही दोघांनीही मोजली आहे.

त्यांनी सांगितले ते घडलेले आहे. आपल्या बाजूचे ५२७ जवान आणि अधिकारी त्या लढाईत कामी आले, आणि वर सापडलेले अनेक मृतदेह आपले नाहीतच, अशी पाकिस्तानची तेव्हा भूमिका होती. म्हणून आपल्याच सैन्याने मौलवींना बोलावून, त्यांच्या धर्माप्रमाणे प्रार्थना करून, त्यांना त्या खडकाळ जमिनीत पुरले. ज्यांच्यावर गोळे डागायचे आकडे तुमच्या यजमानांनी वायरलेसवरून तोफांना कळवले, त्यांच्यासाठीच त्यांनी पहार चालवली. असा माणूस पुढे युद्ध नको म्हणू लागला, तर ते सैन्याच्या विरोधात बोलणे कसे ठरते, हे मला कळत नाही. त्या वेळच्या कर्तव्याची लाज वाटत नाही, असेही ते प्रत्येक सभेत सांगतात, हे तुम्हीच लिहिले आहे. घुसखोरी झाल्यावर कोणाला तरी ती शिखरे चढावीच लागणार होती, असे मीही मानते, आणि त्यांची सगळीच मते मला पटतील असे नाही. पण ती चढण स्वतः चढलेल्या माणसाला हे बोलण्याचा हक्क आहे, आणि तो आपल्यापेक्षा मोठा आहे.

या वाटेने जाणारे ते पहिले नाहीत. व्हिएतनामहून परतलेल्या शेकडो अमेरिकन सैनिकांनी एप्रिल १९७१ मध्ये आपली पदके वॉशिंग्टनच्या संसद भवनासमोर फेकून दिली होती. आपल्याकडचे उदाहरण तर गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरले की पुढे थोड्याच अंतरावरचे आहे. अ‍ॅडमिरल रामदास यांना १९७१ च्या युद्धातील कामगिरीबद्दल वीरचक्र मिळाले होते आणि १९९० ते १९९३ या काळात ते नौदलप्रमुख होते. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळ राहिले, अण्वस्त्रांच्या विरोधात उघडपणे उभे राहिले आणि दोन्ही देशांतल्या सामान्य माणसांनी एकमेकांशी बोलावे म्हणून झटले. २००४ मध्ये त्यांना आणि पाकिस्तानातले मानवी हक्क कार्यकर्ते आय. ए. रहमान यांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी वीरचक्र फेकले नाही आणि आपले मतही सोडले नाही. तुमचे यजमान पदके परत करण्याची भाषा करतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. मागे फिरवता न येणारे पाऊल उचलण्याआधी वर्षभर थांबा, एवढी विनंती तुम्ही त्यांना जरूर करावी.

चिरंजीवांसाठी थोडक्यात लिहिते. सेवेत असताना लष्करी कायदा सैनिकाला सभा आणि वृत्तपत्रांपासून दूर ठेवतो आणि त्याला घटनेच्या ३३ व्या कलमाचा आधार आहे, पण निवृत्त सुभेदाराला भाषणस्वातंत्र्याचे १९ वे कलम इतर नागरिकांसारखेच लागू होते. युद्ध नको म्हणणे हा गुन्हा नाही. शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा मात्र निवृत्तीनंतरही लागू राहतो, तेव्हा तैनाती, संकेत किंवा सामग्रीचा तपशील भाषणात येता कामा नये. निषेधाच्या सभेला गणवेश घालू नये, आणि आझाद मैदानावर जायचे असेल तर आयोजकांनी पोलिसांची परवानगी घेतली आहे ना, हे विचारावे. पेन्शनबद्दल शंका उरली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारू नये. स्थळाबद्दल वाईट वाटून घेऊ नका. मुलीकडच्यांपैकी कोणीही तुमच्या यजमानांना भेटलेले नव्हते, त्यांनी फक्त ऐकीव गोष्टीवर नकार कळवला.

सोसायटीचे मात्र सोडून देऊ नका. सेक्रेटरींच्या घरी तुम्ही स्वतः जा आणि यजमानांना बरोबर नेऊ नका. झेंडा कोणीही फडकवो, ग्रुपवर लिहिलेला तो शब्द काढून टाकला पाहिजे, एवढेच शांतपणे सांगा. सुभेदारीणबाई दारात आल्यावर त्यांना तो शब्द तोंडाने उच्चारणे जड जाईल.

आणखी एक गोष्ट आहे. सभेच्या आदल्या रात्री ते झोपत नाहीत, गॅलरीत उभे असतात, असे तुम्ही लिहिता. बोलल्याने माणूस मोकळा होतो हे खरे, पण प्रत्येक सभेत ते पुन्हा त्या शिखरावर जाऊन येतात. महिन्यातून एखादीच सभा घ्यावी, असे मी सुचवेन. झोप तरीही लागली नाही तर माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांना स्पष्ट सांगा, किंवा मानसिक आरोग्यासाठी असलेल्या १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते.

हे सगळे करण्याआधी मात्र एक रविवार त्यांच्यासाठी मोकळा ठेवा. मुलगा बाहेर गेल्यावर चहा ठेवा आणि ट्रंकेतला स्वेटर बाहेर न काढता फक्त त्याच्याविषयी विचारा. तोफांच्या आवाजाने त्यांचा उजवा कान गेला आहे असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा त्यांच्या डाव्या बाजूला बसा, म्हणजे हा प्रश्न मोठ्याने विचारावा लागणार नाही.