जुनं कार्ड, नवं कार्ड, एकच कॅबिनेट

विजोड ग्राफिक्स कार्डांबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. सारखे प्रश्न एकमेकांत गुंफले आहेत.

प्रश्न (मुलुंड): माझ्याकडे १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० आहे आणि जुनं ६ जीबीचं जीटीएक्स १०६० कपाटात पडून आहे. दोन्ही लावून गेमसाठी १८ जीबीचं एक कार्ड करता येईल का? दुकानदार एसएलआय ब्रिज घ्यायला सांगतो आहे.

उत्तर: ब्रिज, म्हणजे एसएलआय या एनव्हिडियाच्या पद्धतीने दोन कार्डं गेमसाठी जोडणारी पट्टी, घेऊ नका. तो बसवायला जागाच नाही, कारण या दोन्ही कार्डांच्या कडेवर एसएलआयचा कनेक्टर नाही. असता तरी एसएलआयला दोन्हीकडे एकच चिप लागायची, १०८० सोबत १०८० च. एएमडीचं क्रॉसफायर जरा सैल होतं, एकाच घराण्यातली दोन भावंडं चालवून घ्यायचं. ३० मालिकेत ब्रिजची सोय ३०९० आणि ३०९० टीआय एवढ्यांपुरतीच उरली आणि ४० मालिकेतल्या गेमच्या कार्डांवरून तीही गेली. जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने नवे एसएलआय प्रोफाइल (एकेका गेमसाठीची जुळणी) देणंही थांबवलं. २०१५ च्या डायरेक्टएक्स १२ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डंसुद्धा एका गेमला जुंपता येतात, पण ते सगळं काम गेम बनवणाऱ्यांच्या गळ्यात पडतं. 'ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी'ने ते करून दाखवलं, बाकीचे त्या वाटेला फारसे गेले नाहीत.

म्हणजे १२ चे १२ राहतात आणि ६ चे ६. बेरीज होत नाही, कामाची वाटणी होते. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

गेममध्ये जुन्या कार्डाला एक खरं काम देता येतं, ते म्हणजे मधल्या फ्रेम, म्हणजे दोन चित्रांच्या मधली चित्रं, तयार करणं. 'लॉसलेस स्केलिंग' हे विकतचं ॲप ते करतं. मॉनिटरची केबल १०६० ला लावा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन गेमला ३०६० नेमून द्या आणि ॲपमध्ये १०६० निवडा. ३०६० फ्रेम काढतं, ती स्लॉटमधून १०६० कडे जाते आणि तिथे मधल्या फ्रेम भरल्या जातात. १०८०पीची एक फ्रेम साधारण ८.३ एमबीची, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमना ५०० एमबी लागतात. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या चार लेनच्या, म्हणजे डेटाच्या चार वाटांच्या, स्लॉटमधून सेकंदाला जवळपास ३.९ जीबी जातात, तेव्हा तिथे अडचण नाही. एका लेनच्या छोट्या स्लॉटमध्ये मात्र जीव गुदमरतो. शिवाय माऊस हलवल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ वाढतो, त्यामुळे नेमबाजीच्या ऑनलाइन गेमसाठी हा उद्योग करू नये.

प्रश्न (दादर): हीच जोडी आहे. घरच्या घरी एआयचं भाषा मॉडेल चालवायचं आहे. १४ जीबीचं मॉडेल ३०६० मध्ये मावत नाही. १०६० लावून फायदा होईल, की जुन्यामुळे नवंही रखडेल?

उत्तर: विजोड जोडीचं सगळ्यात चांगलं चीज इथेच होतं. हिशेब मांडू. प्रत्येक टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा, काढताना मॉडेलचा सगळा डेटा एकदा वाचावा लागतो, म्हणून वेग ठरतो तो मेमरी किती झपाट्याने वाचली जाते त्यावर. ३०६० सेकंदाला ३६० जीबी वाचतं, १०६० वाचतं १९२ जीबी. ड्युअल चॅनेलमधली डीडीआर४-३२०० रॅम फक्त ५१.२.

समजा ९.८ जीबी ३०६० वर ठेवले आणि ४.२ जीबी १०६० वर. पहिल्याला २७ मिलिसेकंद लागतील, दुसऱ्याला २२. एकूण ४९, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २० टोकन. आता १०६० काढून तेच ४.२ जीबी रॅमवर टाका. तेवढ्यालाच ८२ मिलिसेकंद लागतात, एकूण १०९, आणि वेग ९ वर येतो. प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून कमीच भरतील, पण प्रमाण असंच राहील. जुनं कार्ड नव्याच्या मानाने मंद आहे खरं, पण रॅमपेक्षा पावणेचार पट वेगवान आहे.

लामा सीपीपी या मॉडेल चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'टेन्सर-स्प्लिट' या पर्यायाला ७,३ असं प्रमाण द्या. वेगवान कार्ड आधी भरायचं आणि त्यात दीड ते दोन जीबी संवादाच्या संदर्भासाठी राखायचे, असा नियम. 'स्प्लिट-मोड' लेयरवरच, म्हणजे मॉडेलचे थर कार्डांत वाटून देण्यावरच, ठेवा, तो मुळात तसाच असतो. लेयरनिहाय वाटणीत एका कार्डाकडून दुसऱ्याकडे अगदी थोडा डेटा जातो, त्यामुळे चार लेनचा स्लॉट पुरतो. फक्त सुरुवातीला मॉडेल चढायला वेळ लागतो. रो मोडमध्ये, म्हणजे एकेक थरच दोघांत वाटला तर, प्रत्येक थराला दोघांना एकमेकांसाठी थांबावं लागतं आणि विजोड जोडीत ते महागात पडतं.

नेमकं कुठे अडतं तेही सांगतो. कुडा, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांवर हिशेब चालवणारी प्रणाली, कार्डांना क्रमांक देताना वेगवान कार्डाला शून्य धरते, तर एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डांची स्थिती दाखवणारी कमांड स्लॉटच्या क्रमाने मोजते. ३०६० खालच्या स्लॉटमध्ये असेल तर दोन्हीकडचे क्रमांक उलटे निघतात आणि ७,३ चं ओझं भलत्याच कार्डावर पडल्यासारखं दिसतं. 'कुडा डिव्हाइस ऑर्डर' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 'पीसीआय बस आयडी' ही किंमत द्या, म्हणजे क्रम जुळतो. नावात आणि किमतीत सगळी अक्षरं कॅपिटल आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर. मात्र त्यानंतर प्रमाणही स्लॉटच्या क्रमानेच लिहायचं, म्हणजे १०६० वरच्या स्लॉटमध्ये असेल तर ३,७.

दुसरी खोच विंडोजची. कार्डाची मेमरी भरली की एनव्हिडियाचा ड्रायव्हर चूक न दाखवता उरलेला माल गुपचूप रॅममध्ये सारतो. मॉडेल चालत राहतं, पण रांगत. टास्क मॅनेजरमध्ये 'शेअर्ड जीपीयू मेमरी' वाढताना दिसली तर तेच झालंय. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिसमेम फॉलबॅक पॉलिसी' बंद करा, म्हणजे मेमरी संपल्यावर स्पष्ट एरर येईल आणि तुम्हाला प्रमाण बदलता येईल.

तिसरं, कुडा १३ ने १०६० च्या पिढीचा आधार काढला आहे. तेव्हा कुडा १२ वर बांधलेली आवृत्तीच उतरवा. आणि १०६० मध्ये टेन्सर कोर (एआयच्या हिशेबासाठीचे खास भाग) नाहीत, त्यामुळे लांबलचक मजकूर वाचायला दिलात तर पहिला शब्द यायला बराच वेळ लागेल. ओलामा हा तसाच दुसरा प्रोग्रॅम वापरत असाल तर एका कार्डात मावणारं मॉडेल तो एकातच ठेवतो, मावत नसेल तेव्हा आपणच वाटणी करतो.

प्रश्न (विलेपार्ले): ब्लेंडरमध्ये दोन्ही कार्डांवर टिक केली की मोठा सीन उघडतच नाही. एकट्या ३०६० वर चालतो.

उत्तर: सायकल्स, म्हणजे ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममधला अंतिम चित्र काढणारा (रेंडर करणारा) भाग, प्रत्येक कार्डात सीनची पूर्ण प्रत ठेवतो. ९ जीबीचा सीन ६ जीबीत कसा मावेल? लहान सीन असेल तर दोन्ही टिक ठेवा. ॲनिमेशनसाठी मात्र याहून सरळ मार्ग आहे. आउटपुटमध्ये 'ओव्हरराइट' बंद आणि 'प्लेसहोल्डर्स' चालू करा आणि ब्लेंडर दोनदा उघडा. दोन्ही वेळा उघडण्याआधी 'कुडा व्हिजिबल डिव्हायसेस' या व्हेरिएबलला एकेका कार्डाचा क्रमांक द्या. दोघं एकाच फोल्डरमध्ये लिहितात, दुसऱ्याने हाती घेतलेली फ्रेम सोडून पुढची उचलतात. वेगवान कार्ड आपोआप जास्त फ्रेम काढतं, कुणी कुणासाठी थांबत नाही. इथेही सीन ६ जीबीत मावायला हवाच. मावत नसेल तर १०६० वर नुसता मॉनिटर लावा आणि ३०६० पूर्ण रेंडरला मोकळं ठेवा.

प्रश्न (गोरेगाव): बी५५० मदरबोर्ड आहे. दुसऱ्या लांब स्लॉटमध्ये कार्ड लावलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि 'कोड १२' येतो. मित्राच्या तशाच बोर्डावर कार्ड दिसतच नाही.

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत. कोड १२ म्हणजे कार्डाला मेमरीचे पत्ते पुरले नाहीत. बायॉसमध्ये 'अबव्ह ४जी डिकोडिंग' चालू करा आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करा. त्याआधी विंडोज यूईएफआय या नव्या बूट पद्धतीने टाकलेलं आहे ना, हे बघा. जुन्या एमबीआर डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर मशीन बूटच होणार नाही.

मित्राच्या बोर्डावर दुसऱ्या एम.२ मध्ये, म्हणजे एसएसडीच्या छोट्या स्लॉटमध्ये, एसएसडी असणार. बी५५० च्या अनेक बोर्डांवर तो एम.२ आणि खालचा स्लॉट त्याच लेन वाटून घेतात. एक भरला की दुसरा बंद. मॅन्युअलमध्ये स्लॉटच्या तक्त्याखालची बारीक टीप वाचा.

स्लॉटच्या लांबीवर जाऊ नका. सोळा लेनच्या आकाराचा दिसणारा खालचा स्लॉट बहुतेक वेळा चिपसेटवरून आलेला, ३.० चा आणि चार लेनचा असतो. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'बस इंटरफेस'पुढे खरी जोडणी दिसते. कार्ड निवांत असताना तिथे १.१ दिसलं तर घाबरू नका, वीज वाचवायला वेग उतरवलेला असतो. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून छोटी रेंडर चाचणी लावा, आकडा चढेल.

प्रश्न (परळ): ५५० वॅटच्या एसएमपीएसवर ही जोडी चालेल का? पंखा लावूनही वरचं कार्ड ८५ अंशांवर जातं.

उत्तर: ३०६० चे १७०, १०६० चे १२०, ६५ वॅट लिहिलेल्या प्रोसेसरचे प्रत्यक्षात ७५ ते ९०, बाकी बोर्ड, डिस्क, पंखे मिळून ५०-६०. साधारण ४३० झाले. एसएमपीएस दर्जेदार असेल तर ५५० वर भागतं, ६५० असेल तर निवांत. नवा घ्यायची वेळ आली तर स्टिकरवरच्या मोठ्या आकड्याऐवजी १२ व्होल्टच्या ओळीवर किती अँपिअर आहेत ते वाचा.

आग लागते ती बहुधा कनेक्टरला. डिस्कला वीज देणारा साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ४.५ अँपिअरसाठी बनलेला, म्हणजे ५४ वॅट. त्यावरून ८-पिनचं कन्व्हर्टर लावून १५० वॅट ओढले की प्लास्टिक वितळतं. क्रिप्टो मायनिंगच्या रायझरसोबत (कार्ड स्लॉटपासून लांब जोडायच्या पट्टीसोबत) येणाऱ्या साटा केबलचीही तीच गत. प्रत्येक कार्डाला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल आणा. मॉड्युलर एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची केबल चुकूनही लावू नका. कार्डाकडचं टोक सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाचा कुठलाही सार्वत्रिक नियम नाही आणि पिना उलटसुलट असल्या तर कार्ड जागीच जळतं.

वरचं कार्ड तापतं कारण त्याच्या पंख्याखाली हवाच उरलेली नाही. दोन कार्डांत किमान एका स्लॉटची फट हवी. ती मिळत नसेल तर जाड कार्ड खाली आणि पातळ वर, किंवा चांगल्या प्रतीची रायझर केबल घेऊन एक कार्ड उभं. मग एनव्हिडिया-एसएमआयने ३०६० ची मर्यादा १३० वॅटवर आणा. भाषा मॉडेलचा वेग मेमरीवर अडलेला असल्याने फरक जेमतेम जाणवतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात, बंद खोलीत, कॅबिनेटचं पुढचं काचेचं झाकण काढून ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय. पावसाळ्यात दमट धूळ हीटसिंकच्या पात्यांत चिखलासारखी बसते, ती ब्लोअरने निघत नाही, ब्रशने काढावी लागते.

प्रश्न (बोरिवली): एनव्हिडिया आणि एएमडी एकत्र चालतात का?

उत्तर: चालतात. विंडोजवर दोघांचे ड्रायव्हर शेजारी सुखाने नांदतात. ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्स (एनव्हिडियाची रेंडर पद्धत) आणि एचआयपी (एएमडीची) एकाच वेळी निवडता येत नाहीत. भाषा मॉडेलसाठी लामा सीपीपीची व्हल्कन आवृत्ती घ्या, ती दोन्ही कार्डं ओळखते.

प्रश्न (गिरगाव): जीटीएक्स १०८० आहे, सोबत आरटीएक्स ५०६० घेणार आहे. लिनक्स वापरतो.

उत्तर: ही जोडी लिनक्सवर करू नका. ५०६० ला एनव्हिडियाचे ओपन कर्नल मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचे खुले भागच, लागतात आणि ते ट्युरिंगच्या, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेच्या आधीची कार्डं ओळखत नाहीत. १०८० ला जुने बंद मॉड्यूल लागतात, ते ५०६० ला चालत नाहीत. एका मशीनवर दोन्ही एकदम बसत नाहीत. विंडोजवर ५८० शाखेचा ड्रायव्हर दोघांना सांभाळतो, पण त्यापुढची शाखा टाकली की १०८० गेलं. आपोआप अपडेट बंद ठेवा.

लॅमिंग्टन रोडवर दुसरं कार्ड सेकंडहॅण्डमध्ये शोधणार असाल तर १६ किंवा २० मालिकेपासून पुढचंच बघा. दुकानातच जीपीयू-झेड चालवून बघायचा आग्रह धरा. बायॉस बदलून मोठ्या नावाने विकलेलं कार्ड असेल तर तो नावाआधी 'फेक' दाखवतो. एएमडीत आरएक्स ५८० दाखवलं तर शेडरची (हिशेब करणाऱ्या छोट्या भागांची) संख्या मोजा: खऱ्याला २३०४ असतात, २०४८ दिसले तर ते त्याच नावाचं कमी ताकदीचं कार्ड आहे, भाव त्या हिशेबाने करा.