चोक लावला की चालू, काढला की बंद

प्रश्न : पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप (टू-स्ट्रोक) दिवाळीनंतर माळ्यावर ठेवला होता. आता कपाशीवर तुडतुडे आल्यावर काढला, तर चोक लावल्यावर चालू होतो आणि चोक काढला की बंद पडतो. दुकानदार नवा कार्बोरेटर टाका म्हणतो. काय करावं?
– एक शेतकरी, ता. सेलू, जि. परभणी

उत्तर : भाऊ, नवा कशाला? रोग तुम्हीच सांगितलाय. चोकनं हवा कोंडली की पेट्रोल जास्त ओढलं जातं, तेवढ्यावर इंजिन धकतं. म्हणजे एरवी त्याला पेट्रोल कमी पडतंय. टाकीत सहा-आठ महिने राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा झाला आणि मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, बुजला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. कार्बोरेटरची वाटी उघडा, तळाला पाण्याचे थेंब दिसले तर नवल नाही.

आधी पंप धुऊन घ्या, त्याच्यावर औषध असतं. टाकीचा कॉक बंद करा आणि बिडी लांब ठेवा. खाली परात घ्या. फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या तुकड्याची) पिन आणि सुई एवढीशी असते. काळ्या मातीत पडली की गेलीच. मधला पितळी जेट बरोबर मापाच्या पेचकसनं काढा, कार्ब क्लीनरमध्ये भिजवा आणि पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या. रबर आणि फ्लोट मात्र त्यात बुडवू नका, रबर फुगतं. जेट उजेडाकडे धरला की गोल भोक आरपार दिसलं पाहिजे.

तार घालू नका. गॅरेजात नवा होतो तेव्हा मी दाभणानं असाच एक जेट 'साफ' केला. भोक मोठं झालं, गाडी धूर ओकायला लागली, प्लग काळाभोर. उस्तादानं शिव्या दिल्या ते वेगळंच, जेटचे पैसेही माझ्याच पगारातून गेले.

टाकीतली जाळी आणि हवेचा फोम साबणाच्या पाण्यानं धुवा, फोम पूर्ण वाळू द्या. जोडताना पॅकिंग फाटलेलं असेल तर बदला, नाहीतर तिथून हवा ओढून तीच तक्रार राहील. पेट्रोल ताजं भरा. त्यात मिसळायच्या ऑइलचं प्रमाण पंपाच्या पुस्तिकेतलं धरा. १:२५ असेल तर लिटरला ४० मिली.

आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, पंप आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच माळ्यावर टाका.