नाण्यांच्या संचासाठी सासूबाईंचे रुपये द्यावेत का?

वेंगुर्ले तालुक्यातील एका वाचक भगिनींच्या पत्राचे हे उत्तर आहे. त्या पतीसह काजू प्रक्रियेचा लहान कारखाना चालवतात. नववीत शिकणाऱ्या मुलाला नाणी जमवण्याचा छंद असल्यामुळे त्यांनी मुंबईतील एका विक्रेत्याकडून चांदीची दोन नाणी घेतली. पॅसिफिक महासागरातील एका बेटाच्या नावे काढलेल्या बारा नाण्यांच्या संचातील ही पहिली दोन नाणी आहेत. प्रत्येक नाण्यात एक औंस शुद्ध चांदी असून वर रंगीत मासा, त्याच्या डोळ्यात स्फटिकाचा खडा आणि अंधारात चमकणारे खवले आहेत. एका नाण्याची किंमत 18,500 रुपये आहे, आणि जगात असे फक्त 999 संच निघणार असल्याचे प्रमाणपत्र सोबत मिळते. उरलेल्या दहा नाण्यांचे 1,85,000 रुपये होतात. सासूबाईंकडे असलेले चाळीस जुने चांदीचे रुपये प्रत्येकी 1,500 रुपयांना घेऊन 60,000 रुपये वळते करण्याची तयारी विक्रेत्याने दाखवली आहे, आणि बाकीचे 1,25,000 रुपये कारखान्याच्या कॅश क्रेडिट खात्यातून (धंद्यासाठी बँकेने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत व्याजाने पैसे उचलता येणाऱ्या खात्यातून) काढण्याचा बाईंचा विचार आहे. पाच वर्षांत संचाची किंमत वाढून ती मुलाच्या उच्च शिक्षणाच्या उपयोगी पडेल का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

उरलेली दहा नाणी आपण घेऊ नयेत, आणि सासूबाईंचे रुपये तर या व्यवहारात मुळीच देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. घेतलेली दोन नाणी मुलाकडे राहू द्यावीत. त्याच्या आनंदासाठी केलेला तो खर्च आहे आणि त्याबद्दल मनाला लावून घेण्याचे कारण नाही. मात्र खर्च आणि गुंतवणूक यांची गल्लत झाली की पुढचे निर्णय चुकतात. आपल्या पत्रात ती गल्लत होऊ लागल्याचे मला दिसले, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

काजू बी विकत घेताना एका पोत्यातून गर किती निघेल हे आपण आधी पाहता; नाण्याचेही तसेच पाहावे. एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम. चांदीचा भाव रोज बदलतो, तेव्हा हिशोबापुरता तो ग्रॅमला 200 रुपये धरू. आपण त्या जागी आजचा भाव घालून पाहावा. या भावाने एका नाण्यातील चांदी 6,220 रुपयांची होते, म्हणजे आपण दिलेल्या किमतीच्या जेमतेम एक तृतीयांश. दहा नाण्यांत 62,200 रुपयांची चांदी असेल आणि वरचे 1,22,800 रुपये चांदीव्यतिरिक्त इतर गोष्टींचे असतील. नुसत्या धातूच्या जोरावर मुद्दल सुटायचे असेल, तर चांदी ग्रॅमला सुमारे 595 रुपये व्हावी लागेल, आणि त्यातही सराफ कापतो ती घट मी धरलेली नाही. याउलट त्याच 1,85,000 रुपयांची साधी चांदी तीन टक्के जीएसटी भरून घेतली, तर घडणावळ सोडून सुमारे 898 ग्रॅम पदरात पडेल. दहा नाण्यांत ती 311 ग्रॅम आहे.

मग वरचे पैसे कशाचे? रंगाच्या छपाईचे, खड्याचे, मखमली पेटीचे, प्रमाणपत्राचे, बेटाच्या सरकारला द्यायच्या स्वामित्वधनाचे आणि मधल्या प्रत्येक विक्रेत्याच्या नफ्याचे. नियू, कूक बेटे, तुवालू, पलाऊ अशा लहान देशांच्या नावे निघणारी संग्राहकांची नाणी बहुधा दुसऱ्याच देशातील टांकसाळींत पाडली जातात आणि नाव वापरू दिल्याबद्दल त्या देशाला रक्कम मिळते. यात बेकायदेशीर काही नाही, आणि ज्या देशाची लोकसंख्या दोन हजारांच्याही आत आहे, त्या नियूसारख्या देशाला हे उत्पन्न मोलाचेच आहे. पण अशी नाणी त्या बेटावरच्या बाजारात कोणी खर्चत नाही. नाण्यावर छापलेल्या दोन डॉलरचा आपल्याला उपयोग नाही, कारण आपल्याकडची कोणतीही बँक ते नाणे त्या मूल्याला स्वीकारणार नाही. उल्कापाषाणाचा तुकडा बसवलेली, फ्रान्समधील लूर्द या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रातील पवित्र पाण्याचा थेंब ठेवलेली, गिटारच्या आकाराची, वास येणारी अशी नाणी गेल्या वीसेक वर्षांत निघाली आहेत. प्रत्येक वेळी नवलाई हाच विक्रीचा मुद्दा होता, आणि नवलाईची किंमत पहिलाच ग्राहक भरतो.

विक्रेत्याने आपल्याला मंगोलियाच्या नाण्याचे उदाहरण दिले, ते खरे आहे. 2007 मध्ये मंगोलियाने वुल्व्हरिन या प्राण्याचे, डोळ्यांत स्फटिक बसवलेले 500 तुग्रिकांचे चांदीचे नाणे काढले. पुढे त्याला वर्षातील सर्वोत्तम नाण्याचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याची किंमत मूळ किमतीच्या अनेक पटींनी वाढली. पण त्याच्या यशामुळेच डोळ्यांत खडे असलेल्या प्राण्यांची रांग लागली, आणि त्या रांगेतील बहुतेकांची नावेही आज कोणी घेत नाही. 999 हा आकडा मर्यादा दाखवतो खरा, पण ती एका संचापुरती असते. यंदा मासे, पुढल्या वर्षी कासवे, त्यानंतर पक्षी, असे कितीही संच काढायला कोणाची मनाई नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकात वर्गणी भरून घरपोच येणारी चांदीची स्मृतिपदके अशीच मर्यादित म्हणून विकली गेली होती. 1980 च्या जानेवारीत चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास पोहोचली, तेव्हा त्यांतील असंख्य पदके वितळवण्यासाठी विकली गेली, कारण धातूची किंमत संग्राहक देत असलेल्या किमतीपेक्षा जास्त झाली होती.

आकार किंवा सजावट विचित्र आहे म्हणून मी या नाण्यांना नाही म्हणत नाही. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाच्या नावाच्या लाऱ्या आपल्याच किनाऱ्यावर चालत होत्या. लारी म्हणजे चांदीची जाडसर तार मधोमध वाकवून तिच्यावर ठसा मारलेले नाणे. आज ते पाहणाऱ्याला केसांतला आकडाच वाटेल. पण इराणच्या आखातापासून कोकणापर्यंतच्या व्यापाराला सवयीचे म्हणून तो आकार टिकला होता. लारीचे मोल त्या वापरातून आणि नंतर काळाच्या ओघात उरलेल्या थोड्या नगांतून आले. विक्रीसाठीच जन्मलेल्या नाण्याला असा इतिहास नसतो, आणि बहुतेक ग्राहक ते पेटीत जपून ठेवत असल्यामुळे पन्नास वर्षांनीही जवळजवळ सगळे नग सुस्थितीत असतील.

संकेतस्थळावर असेच नाणे 40,000 रुपयांना विक्रीला लागले असल्याचे आपण लिहिले आहे. ती विकणाऱ्याने मागितलेली किंमत आहे. ते त्या किमतीला विकले गेले का, हे पाहावे. लिलावात दिले तर दलाली जाते. "केव्हाही परत घेऊ" हे विक्रेत्याचे बोलणे कोणत्या भावाने आणि किती मुदतीत, हे पावतीवर लिहिलेले नसेल तर ते हिशोबात धरता येत नाही. वाढीव रक्कम घेऊन, नाण्याच्या स्थितीला गुण देणाऱ्या परदेशी संस्थेकडून 70 पैकी 70 गुणांचा शिक्का मिळवून देण्याच्या प्रस्तावालाही नकार द्यावा, कारण थेट टांकसाळीतून पेटीत गेलेल्या आधुनिक नाण्यांपैकी पुष्कळांना 69 किंवा 70 गुण मिळतातच. शेवटी कुडाळ किंवा सावंतवाडीच्या सराफाकडे जावे लागले, तर तो रंग आणि खडा बाजूला ठेवून वजनच करील.

आता सासूबाईंच्या रुपयांविषयी, कारण माझ्या मते खरे नुकसान तिथे होणार आहे. ते सगळे राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे), सातव्या एडवर्डचे आणि पाचव्या जॉर्जचे असल्याचे आपण कळवले आहे. त्या काळच्या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम आणि कस 91.67 टक्के, म्हणजे प्रत्येकी सुमारे 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी. वर धरलेल्या 200 रुपयांच्या भावाने एका रुपयात 2,138 रुपयांची आणि चाळीस रुपयांत सुमारे 85,500 रुपयांची चांदी आहे. विक्रेता 60,000 देऊ करत आहे. म्हणजे नुसत्या वितळवण्याच्या किमतीहून कितीतरी कमी पैसे देऊन तो ते घेणार आणि त्याच चांदीच्या तिप्पट किमतीने आपली नाणी देणार. व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना नुकसान आपलेच आहे. (सहाव्या जॉर्जचे 1940 ते 1945 या सालांचे रुपये यांत मिसळलेले नाहीत ना, हे एकदा साल वाचून पाहावे, त्यांत चांदी निम्मीच असते.)

यापलीकडे त्या रुपयांना संग्राहकांचे मोलही असू शकते. पाचव्या जॉर्जच्या 1911 सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावरील पदकात कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. त्यावरून धार्मिक भावना दुखावून नाराजी पसरली, सरकारने शिल्लक नाणी परत घेऊन वितळवली आणि 1912 पासून हत्ती नीट दिसेल असा ठसा आणला. त्यामुळे 1911 चा रुपया इतर सालांच्या मानाने संग्राहकांना अधिक हवा असतो. ही दुर्मिळता कोणी जाहिरात करून निर्माण केलेली नव्हती. आपल्या चाळिसांत तो आहे की नाही, हे बघण्याआधी सगळे एकाच भावाने देणे योग्य नाही. मुलाला भिंग देऊन राजा, साल आणि टांकसाळीची खूण यांची यादी करू द्यावी. लक्ष्मीपूजनाच्या आधी रुपये चिंचेने, कोकमाने किंवा राखेने घासण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती या रुपयांपुरती बंद करावी, कारण घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतो. आणि हे रुपये सासूबाईंचे आहेत. त्यांनी ते आजवर का जपले, हे त्यांना विचारल्याशिवाय कोणताही आकडा पुरेसा ठरत नाही.

पुढे कधी विकायचे झालेच, तर तीन गोष्टी ध्यानात असाव्यात. नाण्याच्या बदल्यात नाणे घेणे हेही कराच्या दृष्टीने हस्तांतरणच असते, आणि जुन्या चांदीच्या नफ्यावर 12.5 टक्के दीर्घकालीन भांडवली कर लागू शकतो. 1 एप्रिल 2001 च्या आधीच्या मालमत्तेसाठी त्या दिवसाचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतात, त्यामुळे परदेशातल्या ग्राहकाला ती टपालाने पाठवता येत नाहीत. आणि जुन्या नाण्यांना लाखो रुपये देतो, आधी नोंदणी शुल्क किंवा कर भरा, असे सांगणारा फोन आला तर तो तिथेच ठेवावा. रिझर्व्ह बँकेने आपले नाव वापरून चालणाऱ्या अशा फसवणुकीविरुद्ध 2021 मध्ये जाहीर इशारा दिला होता.

कॅश क्रेडिटबद्दल थोडक्यात लिहितो. आपल्याला त्या खात्यावर 11.5 टक्के व्याज पडते. 1,25,000 रुपयांवर ते वर्षाला 14,375 रुपये होते आणि पाच वर्षांत साध्या हिशोबानेही 71,875 रुपये. ही मर्यादा मार्च ते मे या काळात काजू बी खरेदीसाठी आहे. हंगामात रोख कमी पडली की महाग बी घ्यावी लागते किंवा गाडी दुसऱ्याच्या दारात जाते, हे मी आपल्याला सांगायला नको. बँकेने धंद्यासाठी दिलेला पैसा नाण्यांत घालणे हे कर्जाच्या अटींतही बसत नाही.

शिक्षणासाठी पाच वर्षे हा काळ फार लांब नाही. त्यातील मोठा वाटा बँकेच्या किंवा टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत जावा, आणि हंगामानंतर जास्त रक्कम हाती येते त्या महिन्यांत जास्त भरण्याची सोय हवी असेल तर थोड्या थोड्या मुदतठेवी कराव्यात. चांदीवर आपला विश्वास असेल तर एकूण बचतीचा लहानसा भाग सिल्व्हर ईटीएफमध्ये, म्हणजे चांदीत पैसे गुंतवणाऱ्या आणि शेअर बाजारात घेता-विकता येणाऱ्या फंडात, ठेवता येईल. आपल्याकडे ते 2022 पासून आहेत, त्यांत घडणावळ नाही आणि बाजार चालू असताना ते चांदीच्या भावाच्या आसपास विकता येतात. मात्र चांदीचा भाव वेगाने पडतोही, म्हणून पहिल्या वर्षाचे शुल्क तिच्यावर अवलंबून ठेवू नये.

मुलाच्या छंदाला मी मनापासून पाठिंबा देतो, आणि तो दर्शनी मूल्यात जोपासता येतो. बाजारातून येणाऱ्या सुट्या पैशांत सालाखालची खूण पाहायला त्याला शिकवावे: मुंबईच्या टांकसाळीचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नाही. प्रत्येक साल आणि प्रत्येक टांकसाळ मिळवायची म्हटली तर वर्षे पुरतात. स्मारक नाणे विकतच घ्यायचे असेल, तर भारत सरकारच्या टांकसाळ महामंडळाकडून थेट, वर्षाकाठी एखादे घ्यावे. ते नफ्यासाठी नव्हे, आवडीसाठी. मुंबईला जाणे झाले की फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय त्याला दाखवावे.

घेतलेली दोन नाणी त्यांच्या बंद डब्यांतून काढू नयेत. किनाऱ्यावरच्या दमट हवेत चांदी लवकर काळवंडते, आणि पीव्हीसीच्या मऊ पाकिटांनी ती आणखी खराब होते. पेटी, प्रमाणपत्र आणि पावती एकत्र ठेवावी. त्या पावतीवर पुढील नाणी घेण्याचे बंधन घातले आहे का, हे आजच वाचून पाहावे. नसेल तर पुढील नाणी नकोत आणि जुने रुपये विकायचे नाहीत, असे विक्रेत्याला लेखी कळवावे. असेल तर पावतीची प्रत मला पाठवावी आणि तोपर्यंत पुढचा हप्ता भरू नये.