वेबपॅक शिकू की थेट वीट वापरू? दर दोन वर्षांनी टूल बदलतं, मग शिकायचं तरी काय?

तुमचा प्रश्न असा आहे की रिअॅक्ट शिकताय, जुन्या व्हिडिओत क्रिएट रिअॅक्ट अॅप (रिअॅक्टचा तयार प्रोजेक्ट काढून देणारं, आत वेबपॅक वापरणारं टूल) सांगतात, नव्यात वीट (Vite; वेबपॅकसारखंच, तुमचा कोड ब्राउझरसाठी तयार करून देणारं टूल), मित्र म्हणतो इंटरव्ह्यूत वेबपॅक विचारतात, आणि हे सगळं बदलतच राहणार असेल तर डोकं कशाला लावायचं. मी 9 वर्षं फ्रंटएंड करतेय, गल्प या जुन्या टूलपासून सुरुवात केली, मग वेबपॅक, मध्ये थोडे दिवस पार्सल नावाचं टूल, आता वीट. माझं उत्तर सरळ आहे: नवीन काही करताय तर वीट घ्या, आणि वेबपॅकची कॉन्फिग लिहायला नका शिकू पण वाचायला शिका, कारण नोकरीत पहिल्या दिवशी हातात पडेल तो प्रोजेक्ट तुम्ही लिहिलेला नसणार.

आधी उच्चाराचं सांगते. आमच्या टीममधले निम्मे लोक स्पेलिंग बघून 'वाईट' म्हणतात, म्हणजे मीटिंगमध्ये "आपण नवीन प्रोजेक्टला वाईट वापरू" असं कोणीतरी गंभीर चेहऱ्याने बोलतं आणि मॅनेजर बघत बसतो. मूळ फ्रेंच शब्द आहे, अर्थ 'पटकन', उच्चार वीट. वेबपॅकचा वीट आला म्हणून वीट घेतली, हा जोक आमच्याकडे इतक्यांदा झालाय की आता त्याचाही वीट आलाय.

आता फरक काय ते. टोबियास कॉपर्सने 2012 च्या सुमाराला वेबपॅक सुरू केलं तेव्हा ब्राउझरला इम्पोर्ट वगैरे काही कळत नव्हतं, त्यामुळे तुमच्या दोनशे फायली, सीएसएस, फोटो, सगळं एकत्र बांधून एकच गठ्ठा करून द्यावा लागायचा. मग 2017-18 च्या आसपास मोठ्या ब्राउझरना मॉड्यूल स्वतःच कळायला लागले. व्ह्यू हे फ्रेमवर्क बनवणाऱ्या इव्हान यूने 2020 मध्ये वीट काढलं ते याच जोरावर, की डेव्हलपमेंट करताना गठ्ठा बांधायचाच कशाला, ब्राउझर जी फाईल मागेल ती द्यायची. वेबपॅक म्हणजे पंगत बसायच्या आधी सगळा स्वयंपाक तयार पाहिजे, वीट म्हणजे तव्यावरची पोळी थेट ताटात. नोड मॉड्यूल्समधला, म्हणजे बाहेरून घेतलेल्या पॅकेजेसचा, जड माल तेवढा आधी बांधून ठेवतात; वीट 7 पर्यंत हे काम ईएसबिल्ड नावाचं टूल करायचं, ते गो भाषेत लिहिलंय म्हणून फास्ट. पण 100 जण एकदम जेवायला बसले तर तव्यावरची पोळी पुरत नाही, हेही खरंय. आमच्या एका अॅडमिन पॅनेलच्या पहिल्या पेजवरच हजारभर फायली इम्पोर्ट होतात, तिथे सर्व्हर एका सेकंदात सुरू होतो आणि पेज उघडायला मात्र वाट बघावी लागते. हे व्हिडिओत कोणी सांगत नाही.

आम्ही बदललो कसे ते ऐका. प्रोजेक्ट क्रिएट रिअॅक्ट अॅपवरचा, खाली वेबपॅक 4. एक नवीन मुलगा जॉइन झाला, नवा लॅपटॉप, त्याने नोडचं ताजं व्हर्जन टाकलं, एनपीएम स्टार्ट केलं आणि लाल अक्षरात 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड'. बिचाऱ्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, अर्धा दिवस बोललाच नाही. कारण असं की वेबपॅक 4 फायलींचे हॅश (मजकुरावरून काढलेली खूणअक्षरं) काढायला एमडी4 नावाची जुनी पद्धत वापरायचं, आणि नोड 17 मध्ये ओपनएसएसएल 3 आलं, त्याने ती पद्धत अडगळीत टाकली. नेटवर सगळीकडे उपाय एकच, जुनी पद्धत चालू देणारा लेगसी प्रोव्हायडरचा फ्लॅग टाका. टाकला. 'तात्पुरता' म्हणून टाकलेला फ्लॅग दीड वर्ष पॅकेज जेसनमध्ये होता, कोणी हात लावला नाही.

शेवटी वीटवर न्यायचं ठरलं, मला वाटलं दोन दिवसांचं काम, गेले सात. इंडेक्स एचटीएमएल पब्लिक फोल्डरमधून बाहेर काढायची, जेएसएक्स लिहिलेल्या सगळ्या जेएस फायलींची एक्स्टेन्शन बदलायची (आमच्या 300 वर होत्या), रिक्वायर लिहिलेलं सगळं इम्पोर्टमध्ये आणायचं, एसव्हीजीसाठी वेगळा प्लगिन, आणि एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलची नावं रिअॅक्ट अॅपने सुरू व्हायची ती वीटने सुरू करायची. हे शेवटचं काम सोपं वाटतं पण एक नाव राहिलं तरी बिल्ड होतं, अॅप चालतं, फक्त एपीआयच्या यूआरएलमध्ये अनडिफाइंड येतं.

खरी गंमत शुक्रवारी संध्याकाळी झाली (शुक्रवारी डिप्लॉय करू नये हे मला माहीत आहे, नका सांगू). डिप्लॉय केलं, एरर नाही, काही नाही, साइट उघडली तर जुनीच. कॅश साफ केली, इन्कॉग्निटोमध्ये बघितलं, मोबाईल डेटावर बघितलं, सीडीएन (साइटच्या प्रती ठेवून वाटणारे सर्व्हर) सांभाळणाऱ्या माणसाला फोन करून त्याचं डोकं खाल्लं. दोन तासांनी कळलं की जुनं टूल आउटपुट 'बिल्ड' फोल्डरमध्ये टाकायचं, वीट टाकतं 'डिस्ट' मध्ये, आणि आमची स्क्रिप्ट सर्व्हरवर पडून असलेलं मागच्या महिन्याचं 'बिल्ड' इमानेइतबारे कॉपी करत होती. एका ओळीचा बदल. सीडीएनवाल्याला सोमवारी चहा पाजला.

त्यानंतर सुख आहे, खोटं नाही बोलणार. आधी सेव्ह केलं की स्क्रीनवर दिसेपर्यंत लोक फोन हातात घ्यायचे आणि फोन हातात घेतला की गेली दहा मिनिटं, आता सेव्ह केलं की दिसतं. पण वीटबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. एक म्हणजे डेव्हलपमेंटमध्ये गठ्ठा नाही आणि वीट 7 पर्यंत प्रॉडक्शनला रोलअप नावाच्या बंडलरने (गठ्ठा बांधणारं टूल) गठ्ठा, म्हणजे दोन वेगळे रस्ते, त्यामुळे माझ्याकडे नीट चालणारं एक जुनं कॉमनजेएस (रिक्वायर पद्धतीचं) पॅकेज प्रॉडक्शनमध्ये फंक्शनऐवजी ऑब्जेक्ट म्हणून आलं आणि पेज पांढरं. तेव्हापासून पुश करायच्या आधी वीटचा प्रिव्ह्यू चालवून बघायची सवय लावलीय. दुसरं, टाइपस्क्रिप्टचे टाइप ते फक्त काढून टाकतं, तपासत नाही, म्हणजे बिल्ड पास झालं म्हणून खूश होऊ नका, टाइपस्क्रिप्टचा स्वतःचा तपासनीस टीएससी वेगळा चालवा. इव्हान यूच्या कंपनीने रोलडाउन नावाचा रस्टमधला बंडलर बनवला तो या दोन रस्त्यांचा एक रस्ता करायलाच, वीट 8 मध्ये तो आलाय, मला तो खरंच हवा होता.

आणि एक, हे फ्रेशर लोक हमखास करतात: वीट नावाने सुरू होणारं व्हेरिएबल सरळ जावास्क्रिप्टमध्ये जाऊन बसतं, कोणालाही दिसतं. त्यात सिक्रेट की टाकू नका.

बाकी याच कामाची नवी टूल्स, टर्बोपॅक, आरएसपॅक वगैरे. 2022 मध्ये टर्बोपॅक आलं तेव्हा वीटपेक्षा 10 पट फास्ट असा दावा केला होता, इव्हान यूने स्वतः मोजून तो खोडायला घेतला, ट्विटरवर आठवडाभर करमणूक. तुम्हाला त्याचं काही नाही, नेक्स्ट (रिअॅक्टवरचं फ्रेमवर्क) वापरलं तर टर्बोपॅक आपोआप समोर येईल. मात्र वेबपॅकचा अवाढव्य जुना प्रोजेक्ट अंगावर आला तर वीटच्या मागे न लागता आधी आरएसपॅक बघा, त्याला वेबपॅकची कॉन्फिग बरीचशी तशीच चालते. मला तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर सातऐवजी दोन दिवस लागले असते. क्रिएट रिअॅक्ट अॅप सांगणारे व्हिडिओ मात्र बंद करा, रिअॅक्टवाल्यांनीच ते 14 फेब्रुवारी 2025 ला डेप्रिकेट केलं, म्हणजे नवीन कामासाठी वापरू नका असं जाहीर केलं, ब्रेकअपला दिवसही बघा कोणता निवडला.

इंटरव्ह्यूत कॉन्फिग पाठ म्हणायला कोणी लावत नाही, विचारतात ते लोडर आणि प्लगिनमध्ये फरक काय, ट्री शेकिंग (न वापरलेला कोड गाळणं) म्हणजे काय, फायलीच्या नावात ती विचित्र अक्षरं का असतात. त्यासाठी कोर्स नको. वीटवर रिकामा प्रोजेक्ट काढा, लोडॅश नावाच्या लायब्ररीतलं एकच फंक्शन इम्पोर्ट करा, बिल्ड करा, डिस्टमधल्या फायलीचा साइज लिहून ठेवा. मग लोडॅशच्या जागी लोडॅश-ईएस (तीच लायब्ररी, मॉड्यूलच्या रूपात) टाका, परत बिल्ड करा. पहिल्या वेळी तुम्ही एक फंक्शन मागितलं आणि अख्खी लायब्ररी, 70 केबीच्या आसपास, घरी आली होती. दोन्ही वेळची फायलींची नावं पण शेजारी ठेवून बघा, हॅश बदललेला दिसेल, आणि माझ्या त्या शुक्रवारी मी साइटचं सोर्स उघडून आधी तेवढंच बघितलं असतं तर सीडीएनवाल्याला फोन करायची वेळ आली नसती.

अडलं तर खाली एरर पूर्ण पेस्ट करा, स्क्रीनचा मोबाईलवरून काढलेला तिरका फोटो नको.