क्रॉलरला आधी कंट्रोलर, मग बॅटरी

तुमचा प्रश्न असा आहे: १/१० मापाचा क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढणारी रिमोटची गाडी, घेतलाय, सोबत आलेल्या ७.२ व्होल्टच्या निकेल बॅटरीवर गाडी चढावर दम टाकते आणि उतारावर हातातून सुटते. मग थ्री-एस (तीन सेलची) लिपो बॅटरी टाकू का, आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, तोही बदलावा लागेल का?

ईएससी आधी बदला, बॅटरीचं नंतर बघू. चढावर दम टाकणं हा बॅटरीचा दोष असू शकतो, पण उतारावर सुटणं शंभर टक्के ईएससीचं काम. त्या गाडीत थ्री-एस टाकलीत तर ती आणखी जोरात सुटेल, एवढंच.

तुम्हाला हवा तो ड्रॅग ब्रेक. ट्रिगरवरून बोट उचललं की ईएससी मोटरची दोन्ही टोकं आतल्या आत जोडतो, मोटर जनरेटर बनते आणि स्वतःच्याच फिरण्याला अडवते. साध्या ईएससीमध्ये हा ब्रेक एक तर नसतो, नाही तर नावापुरता असतो. हॉबीविंगच्या क्विकरन १०८० मध्ये तो शून्यापासून १०० टक्क्यांपर्यंत हवा तसा ठेवता येतो. सरळ १०० वर ठेवा. तरीही अगदी उभ्या दगडावर गाडी मुंगीच्या पावलांनी खाली सरकेल. मोटर थोडी तरी फिरल्याशिवाय अडवणूक तयारच होत नाही, तेव्हा ईएससी खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. सेटिंग करताना मोडही बघून घ्या. गाडीला पुढे-मागे थेट जाता आलं पाहिजे. आधी ब्रेक, मग ट्रिगर सोडून पुन्हा ओढल्यावर रिव्हर्स, असला मोड दगडात अडकल्यावर डोकं फिरवतो.

ईएससी घेताना लोक मोटरचे अँपिअर वाचतात आणि बीईसी, म्हणजे ईएससीतला छोटा वीजपुरवठा, विसरतात. रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसिव्हर आणि स्टीअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) यांना वीज त्यातून जाते. वांद्र्याच्या बँडस्टँडच्या कातळावर हे हमखास बघायला मिळतं: पुढचं चाक दोन दगडांच्या फटीत रुततं, तुम्ही स्टीअरिंग पूर्ण वळवून धरता, सर्व्हो नुसता गुंगुं करतो आणि अचानक गाडीच मरते. क्षणभराने पुन्हा जिवंत होते. रेंज गेली असं वाटतं, पण खरं म्हणजे २५ किलो ताकदीचा सर्व्हो अडकल्यावर ३ अँपिअर किंवा जास्त ओढतो, व्होल्टेज कोसळतं आणि रिसिव्हर रीस्टार्ट होतो. मोठा सर्व्हो लावणार असाल तर वेगळा बीईसी थेट बॅटरीवरून घ्या, आणि तो रिसिव्हरला जोडणार असाल तर ईएससीच्या प्लगमधली लाल तार काढून इन्सुलेशन टेपने गुंडाळून ठेवा.

आता बॅटरी. टू-एस म्हणजे दोन सेल, ७.४ व्होल्ट; थ्री-एस ११.१. तुमच्या गाडीत ३५ टर्नची (टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे) ब्रश मोटर असेल तर टू-एस पुरे. ५५ टर्न असेल तर थ्री-एस मजा आणते: टर्न जास्त म्हणजे मोटर हळू, पण थ्री-एस तिला चाकाचा वेग परत देते आणि सावकाश चालताना ताबाही राहतो. ३५ टर्नवर थ्री-एस चालते, पण सारखी अडकून राहिली तर मोटरला हात लावता येत नाही इतकी तापते. आधी मोटरवरचा आकडा वाचा. दोन्ही चालवणारा ईएससी घेतलात तर पुढे मागे बदलायला मोकळे.

क्षमतेचा मोह नको. क्रॉलर सरासरी ३-४ अँपिअरच ओढतो, म्हणजे २२०० एमएएचवर अर्धा तास आरामात निघतो. ५००० चा हार्डकेस पॅक अडीचशे-तीनशे ग्रॅमचा, आणि तो बहुतेक चासीत मागे, उंचावर बसतो. मग खड्या चढावर गाडी पाठीवर उलटते. २२०० चा छोटा पॅक पुढच्या अॅक्सलच्या वर, जमेल तितका खाली बसवा. हाच बदल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा. असे दोन पॅक घ्या आणि एक खिशात ठेवा. ‘१०० सी’ (सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट) वगैरे स्टिकरवर पैसे घालू नका. २५ सी खरोखरचे असतील तर २२०० चा पॅक ५५ अँपिअर देतो, त्यापुढे क्रॉलरला काय करायचंय?

लिपोसाठी ईएससीचं कटऑफ (बॅटरी ठरावीक पातळीला उतरली की मोटर थांबवणारं सेटिंग) लिपोवर हवं, निकेलवर राहिलं तर सेल अति रिकामे होऊन फुगतात. चार्जर बॅलन्सवाला (प्रत्येक सेल सारखा भरणारा), चार्ज १सी ला, म्हणजे २२०० ला २.२ अँपिअर. वन बीएचकेत राहत असाल तर चार्जिंग किचनच्या कडाप्प्यावर, गॅस आणि पडद्यांपासून लांब, आणि तुम्ही जागे असताना. पूर्ण भरलेली बॅटरी आठवडाभर पडून ठेवू नका, ३.८ व्होल्ट प्रति सेलवर आणून ठेवा. मे महिन्यात कारच्या डिकीत विसरणं तर अजिबात नको.

पावसाळ्यात आणि समुद्राकाठी वॉटरप्रूफ लेबलावर विसंबू नका. ते ईएससीपुरतं असतं. खारं पाणी मोटरचे बेअरिंग आणि कनेक्टर खातं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पंख्याखाली वाळवून तेलाचा थेंब सोडा.

कनेक्टर सगळे एक्सटी६० करून टाका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जोड्यांनी मिळतात, सोल्डर करून देणारेही सापडतात. बॅटरीची बाजू करताना मात्र एका वेळी एकच तार कापा, दोन्ही एकदम कापल्या तर कात्रीच शॉर्ट करते.