आधी पाणी जातं, मग जमीन पेटते

प्रश्न : इंडोनेशियात म्हणे जमीनच आतून पेटते. खाली पाणी असताना हे कसं? (फोंडा)

उत्तर : पाणी असेपर्यंत पेटत नाही. ती जमीन पीटची, म्हणजे पाण्यात बुडून राहिल्यामुळे हजारो वर्षं पुरती न कुजलेल्या लाकडा-मुळांची. जंगल तोडून चर खणले की पाणी नदीकडे वाहून जातं आणि मागे उरतं ते सरपण. कालीमंतानमध्ये, म्हणजे बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागात, 1996 पासून भातशेतीसाठी सुमारे 10 लाख हेक्टरांच्या योजनेत हजारो किलोमीटर कालवे खणले गेले. भात काही पिकलं नाही. 1997 च्या अल निनोच्या दुष्काळात मात्र तो भाग कित्येक आठवडे धुमसत राहिला. काडी कुणी लावली याचा शोध घेताना कालवे विसरले जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : पाऊस पडला की पाणी परत भरेलच ना? (डिचोली)

उत्तर : खोलवर वाळलेलं पीट पहिल्यासारखं पाणी धरत नाही. शिवाय जळाल्यावर जमीनच खचते, कुठे कुठे अर्धा मीटर. मग पावसाळ्यात तिथे पाणी तुंबतं. ते ओढून घ्यायला झाडंही नसतात. बघणाऱ्याला वाटतं, भूजल वाढलं! खरं तर जमीन खाली गेलेली असते. कोरड्या दिवसांत तेच पाणी भराभर उतरतं आणि माजलेलं नेचं पुन्हा पेट घेतं. उपाय एकच, कालवे अडवणं. पाणी जमिनीखाली 40 सेंटिमीटरांपेक्षा खोल जाऊ नये, असा तिथला नियम आहे.

प्रश्न : 2023 च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात वणवे लागले. आमच्या कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागेचा) झरा आटेल का? (सत्तरी)

उत्तर : आपला डोंगर जांभ्याचा, तो आतून पेटत नाही. एका वणव्याने झरा आटेल असं मी म्हणणार नाही. पण पाचोळा दरवर्षी जळत राहिला, तर पावसाचा मारा उघड्या मातीवर बसतो आणि मुरायचं पाणी ओहोळाने निघून जातं. उतार कापून सपाट केला तर आणखीच. तुमच्याच तालुक्यात, बांबरच्या निरंकाराच्या राईत, रानजायफळाची झाडं दलदलीत मुळांचे गुडघे वर काढून उभी आहेत. देवाची राय म्हणून ती राखली गेली, आणि तिच्याबरोबर तिथलं पाणीही. मेच्या अखेरीस झऱ्याची धार मोजून ठेवा, वरच्या उतारावर काय चाललंय ते बघून या आणि मला कळवा.