उन्हाळ्याच्या सुरुवातीला पुण्यात घराजवळच पक्षी-फुलांचे फोटो काढायचे असतील तर कुठे आणि कसे काढावेत?

लांब जाऊच नका. मार्चमध्ये वेताळ टेकडीवर किंवा सोसायटीजवळ फुललेला पांगारा शोधा आणि सकाळी सात-साडेसातला सूर्य पाठीशी ठेवून तिथेच तासभर थांबा. झाडाला पानं जवळपास नसतात, त्यामुळे लाल फुलांवर आलेली साळुंकी, बुलबुल, शिंजीर (फुलातला मध पिणारा इवलासा पक्षी) सगळे उघडे दिसतात. जांभळ्या शिंजिराचा नर सावलीत नुसता काळा दिसतो. मान वळवून ऊन अंगावर घेतलं की निळा-जांभळा झळाळतो. तो क्षण हवा असेल तर शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं कमी करा, नाहीतर लाल रंगाचा नुसता भडक डाग होतो, पाकळीची रेघही उरत नाही.

नऊनंतर ऊन कडक होतं, तेव्हा घरी या. बाल्कनीत उथळ मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, रोज बदला. हळूहळू बुलबुल येऊ लागतील. मोबाईल असला तरी चालेल, पडद्याआडून काढा.

एप्रिल-मेमध्ये बहावा फुलला की घोसाखाली उभं राहून आकाशाकडे कॅमेरा धरा. उजेड पाकळ्यांतून झिरपतो.

एकच विनंती, घरट्याजवळ जाऊ नका. आपल्या भीतीने आई परतली नाही तर पिल्लं उन्हात तशीच राहतात.